हेडलाइटच्या पिवळट, खड्डे पडलेल्या काचा घरी घासायच्या असतील तर

अंगणातलं_गॅरेज

गणपती तोंडावर आले. गावी निघायच्या आधी टायर, ब्रेक, वायपर सगळं तपासलं जातं, हेडलाइटवरून मात्र नुसतं फडकं फिरवतात. मग रात्री घाटात रस्ता दिसत नाही म्हणून बल्ब बदलतात, तरी उजेड पडत नाही. नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच गाड्यांच्या काचा मी हौसेने घासून दिल्यात. त्यातून जे हाताला लागलं ते इथे सविस्तर लिहिते. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा.

जुन्या पद्मिनी-अँबेसिडरला खरी काच असायची. आता असतं पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लास्टिक, आपण सवयीने त्याला काचच म्हणतो. ते दगडाने सहसा फुटत नाही, वजनाला हलकं असतं, पाहिजे तसा आकार घेतं. पण ओरखड्याला आणि उन्हाला ते फार कच्चं. म्हणून कारखान्यातूनच त्यावर एक कडक पारदर्शक थर चढवून येतो, जेमतेम काही मायक्रॉनचा. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो वर्षानुवर्षं भाजला जातो, खडीच्या डंपरमागून उडणारी कच त्याला टोचे मारते, आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसली की ती धूळच पॉलिश पेपरसारखी घासत जाते. हा थर ठिकठिकाणी सुटला की आधी पांढुरकी झाक येते आणि मग खालचं उघडं पडलेलं प्लास्टिक पिवळं पडत जातं.

काम हातात घेण्याआधी एक तपासणी करा. काचेवर मग्ग्याने पाणी ओता आणि ती ओली असतानाच नीट बघा. ओली असताना स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे, घासून जाईल. ओली असूनही आत धुरकट दिसत असेल, बारीक तड्यांची जाळी दिसत असेल किंवा मागचा चकचकीत रिफ्लेक्टर काळवंडलेला असेल, तर बाहेरून कितीही घासलं तरी उपयोग नाही.

सामान: वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) ४००, ६००, १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३००० नंबरचा, चांगली मास्किंग टेप, पाण्यात चार थेंब शाम्पू, रबिंग कंपाऊंड (पॉलिश करायची बारीक घासणारी पेस्ट), मऊ मायक्रोफायबरची फडकी. हार्डवेअरच्या दुकानात २००० च्या वरचे पेपर सहसा नसतात, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतात.

काचेच्या कडेने बोनेट, बंपर आणि फेंडरवर टेपचे दोन-दोन पदर चिकटवा. एक पदर पेपरच्या एका फटक्यात फाटतो आणि रंग जातो. नुसतीच पिवळी काच असेल तर ६०० पासून सुरुवात करा, खड्डे असतील तर ४०० पासून. पेपर आधी पाण्यात भिजू द्या. घासताना पाणी सतत सुटत राहिलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या पेपरला जे पाणी ओघळतं ते पिवळट, ताकासारखं असतं. तो जुना थर निघतोय. मधे थांबून काच धुवा, कोरडी करा आणि तिरकस उजेडात बघा. काही भाग एकसारखा मॅट दिसेल आणि काही ठिकाणी, विशेषतः खालच्या कडेला आणि कोपऱ्यात, चकचकीत बेटं दिसतील. तो जिवंत उरलेला कारखान्याचा थर. तोही पूर्ण काढायचा. जिवावर येतं, कारण तिथली काच चांगलीच असते, पण तो राहिला तर नंतर द्यायच्या नवीन थराखाली त्याची कडा नकाशातल्या सीमारेषेसारखी कायम दिसत राहते. पाणी पांढरं यायला लागलं आणि सगळी काच सारखी दुधी झाली की पहिला पेपर संपला. घरातली माणसं या टप्प्याला घाबरतात, कारण काच आधीपेक्षा वाईट दिसते. ती तशीच दिसायला हवी.

पुढचा प्रत्येक पेपर आधीच्याच्या काटकोनात चालवा. ६०० आडवा घासला असेल तर १००० उभा. म्हणजे आधीचे आडवे ओरखडे उरलेत का ते लगेच दिसतं. ते उरले असताना पुढचा नंबर घ्यायचा नाही. पेपर बदलताना काच, हात आणि बादलीतलं पाणी, तिन्ही स्वच्छ. ४०० चा एक कण २००० च्या पेपरखाली सापडला की पुन्हा मागे जावं लागतं.

शेवटी कंपाऊंडने पॉलिश. ड्रिलला बफ लावणार असाल तर गती कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका, पॉलिकार्बोनेट तापलं की लिबलिबीत होऊन पृष्ठभाग ओढला जातो.

आणि इथेच बहुतेक जण थांबतात. काच नव्यासारखी दिसते, फोटो काढून होतात. पण आता तिच्यावर काहीही संरक्षण नाही. उघडं पॉलिकार्बोनेट आपल्याकडच्या उन्हात काही महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं. पॉलिशनंतर त्यावर अतिनील किरण अडवणारा थर किंवा फिल्म दिलीच पाहिजे. ती देणार नसाल तर घासूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेंगुर्ला_एक्सप्रेस

छान धागा, ताई. माझी वॅगनआर जुनी आहे. मागच्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी टूथपेस्टने घासली होती, काय चमकली होती! दिवाळीला बघतो तर परत होती तशीच. टूथपेस्ट वाईट का? आणि आमच्या स्टँडवरचे रिक्षावाले रॉकेलचा बोळा फिरवतात, त्यानेही काच एकदम स्वच्छ दिसते.

माझ्या काचेला खड्डेही भरपूर आहेत. हायवेच्या कामावरच्या खडीने पार चाळण झालीय. तेही जातील का?

अंगणातलं_गॅरेज

टूथपेस्टमध्ये दात घासण्यापुरती बारीक घासणारी पूड असते. ती वरवरची झाक काढते, मेलेला थर पूर्ण काढू शकत नाही आणि नवीन थर तर देतच नाही. म्हणून चमक टिकली नाही. लिंबू-सोड्याचंही तेच. रॉकेलने काही निघत नाही. त्याचा ओशट पापुद्रा बारीक ओरखड्यांत भरतो आणि काच ओली असताना दिसते तशी दिसते. पहिल्या धुण्यात गेलं.

खड्ड्यांबद्दल: काचेची जाडी साधारण ३ मिलिमीटर असते, त्यामुळे थोडं घासल्याने ती कमकुवत होत नाही. उथळ टोचे ४०० ने निघतात. पण नख अडकेल इतका खोल खड्डा असेल तर त्याच्यामागे लागू नका. तेवढ्याच जागी घासत बसलात तर तिथे खळगा तयार होतो आणि उजेड वाकडा जातो. बाकीची काच स्वच्छ झाल्यावर चार खोल खड्डे राहिले तरी रस्त्यावर फरक जाणवत नाही. वरून क्लिअर, म्हणजे रंगासारखा फवारायचा पारदर्शक थर, मारला तर त्यातले बरेचसे भरूनही येतात.

आणि एक. खड्ड्यांची काच समोरच्यालाही त्रास देते. प्रत्येक खड्ड्याच्या कडेवर उजेड फुटतो आणि वर उडतो. लो बीमवर असूनही समोरचा डिपर मारत असेल तर एकदा काच बघा.

नागपुरी_ऊन

ताई, आमच्याकडे मे महिन्यात काय होतं ते विचारू नका. गाडी बाहेरच उभी असते, तोंड पश्चिमेला. एकच काच जास्त पिवळी झाली, दुसरीवर भिंतीची सावली पडते.

मी एका डिटेलिंगवाल्याकडे (गाडी चकाचक करून देतो तो) वाफेची ट्रीटमेंट करून घेतली होती. केटलीसारखं भांडं, त्यात काहीतरी द्रव तापवला, नळीतून वाफ काचेवर सोडली. पाच मिनिटांत काच आरसा झाली, मी तर खूश. आता पावसाळा लागला आणि आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक रेषा दिसून राहिल्या. हे घासून जाईल काय?

प्लास्टिकवाला

मी मोल्डिंगच्या धंद्यात आहे, पॉलिकार्बोनेट रोज हातात असतं. म्हणून यावर थोडं लांब लिहितो.

त्या केटलीत बहुधा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनसारखं क्लोरीनयुक्त द्रावक असतं. पॉलिकार्बोनेट यात चक्क विरघळतं. वाफेने वरचा पापुद्रा विरघळून सपाट होतो, ओरखडे बुजतात, म्हणून ती क्षणात चमकते. पण साच्यातून निघालेल्या प्रत्येक भागात ताण साठलेला असतो, विशेषतः कोपऱ्यांत आणि जिथे काच मागच्या बॉडीला चिकटवलेली असते तिथे. द्रावक लागलं की तो ताण तड्यांच्या रूपाने बाहेर येतो. तुम्हाला दिसतायत त्या रेषा त्याच असाव्यात. वरवरच्या असतील तर ४०० ने जातील, पण जाडीत शिरल्या असतील तर नाही. तेवढ्या जागी थोडं घासून बघा. रेषा तशाच राहिल्या तर थांबा आणि काच बदला.

शिवाय ती वाफ नाकात जाणं फार वाईट. घरी असलं किट मागवून बंद पार्किंगमध्ये वापरणाऱ्यांनी कृपया वापरू नये. आणि इतकं करून त्यावर अतिनील संरक्षण शून्यच.

याच कारणाने पॉलिकार्बोनेटला ॲसिटोन, रंगाचा थिनर, नेलपेंट रिमूव्हर, पेट्रोल यातलं काहीही लावू नका. डास पळवणाऱ्या स्प्रेने हेडलाइट चमकवायचे व्हिडिओ फिरतात. त्यातलं डीट हे द्रव्यही प्लास्टिक मऊ करतं, चमक येते ती पृष्ठभाग वितळल्याची. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, मेडिकलमध्ये मिळतं. फडक्यावर घेऊन पुसा, काचेवर ओतू नका.

काच पिवळी पडायचं अजून एक कारण कुणी लिहिलं नाही: बल्ब. काचेवर कोपऱ्यात बारीक उठावदार अक्षरं असतात. त्यात 'पीएल' लिहिलं असेल तर भिंग प्लास्टिकचं आहे, म्हणजे आत अतिनील किरण कमी सोडणारा बल्बच पाहिजे. नावाजलेल्या कंपन्यांचे एच४ बल्ब तसेच येतात, ६०/५५ वॉटचे. त्याजागी १००/९० वॉटचा लावला की रिफ्लेक्टर भाजतो, सॉकेट वितळतं, आणि स्वस्तातल्या एचआयडी किटमधून (तारेऐवजी वायूत ठिणगी पेटवणारे दिवे) आतल्या बाजूनेही अतिनील मारा होतो. काच आतून पिवळी झाली तर घरी काही करता येत नाही.

नागपुरी_ऊन

बरोबर बोलले भाऊ. कोपऱ्यात थोडं घासून पाहिलं, रेषा गेल्या नाहीत. ती एक काच बदलतो, दुसरी घासतो. निदान कारण तरी समजलं.

न्यूजर्सीची_वारी

इथे अमेरिकेत एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ मध्ये याची चाचणी केली होती. जुन्या, धुरकट काचांच्या हेडलाइटचा लो बीमचा उजेड नव्याच्या जेमतेम २० टक्के निघाला. घासून-पॉलिश करून तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत परत आला. कंपनीचा नवा हेडलाइट बसवला तर अर्थातच पूर्ण. बाहेरच्या कंपन्यांचे स्वस्त हेडलाइट मूळ भागाच्या खालीच राहिले, आणि काही तर प्रकाशाच्या नियमांतही नापास झाले.

म्हणून ज्यांची काच खूपच गेलीय त्यांनी स्वस्तातला नवा सेट घेण्यापेक्षा आधी मूळ काच घासून बघावी असं मला वाटतं. आतला रिफ्लेक्टर मूळ कंपनीचा असणं फार मोलाचं आहे.

स्टुटगार्टकर

चर्चेत एक वेगळी बाजू मांडतो. जर्मनीत हेडलाइट घासणं कायद्याने अडचणीचं आहे. हेडलाइटला मिळालेली मान्यता त्याच्या वरच्या थरासकट असते. प्लास्टिक भिंगांची युरोपच्या नियमांत वेगळी परीक्षा होते: तापमानातले बदल, ऊन-पाऊस, रसायनं, घासणं, या सगळ्याला तो थर टिकला पाहिजे. तो आपण काढला की मान्यता गेली असं इथे मानतात, आणि गाडीच्या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत परीक्षक ते दाखवून देऊ शकतो. त्यामुळे इथले मराठी लोक जुनी गाडी घेताना हेडलाइट कसे आहेत ते आधी बघतात, कारण बदलायचे म्हटले तर एकेकाची किंमत डोळे पांढरे करते.

भारतात तशी सक्ती नाही, पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. थर हा हेडलाइटचाच भाग आहे.

पेंटबूथ_कोल्हापूर

ताईंनी घासायचं अगदी फोड करून सांगितलंय, आमच्या पोरांना वाचायला दिलं. थराबद्दल मी सांगतो, ते आमचं काम.

चार मार्ग आहेत. सगळ्यात टिकाऊ टू-के क्लिअर, म्हणजे क्लिअर आणि हार्डनर मिसळून मारायचा तो. गाडीच्या रंगावर मारतो तोच, फक्त अतिनीलरोधक असलेला चांगल्या कंपनीचा घ्यायचा. चांगला बसला तर वर्षानुवर्षं बघायला नको. पण भावांनो, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. कापडाचा मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही. गॅलरीत, जिन्याखाली, लेकरं खेळतात त्या पार्किंगमध्ये टू-केचा डबा फवारू नका. घासायचं काम घरी करा आणि मारायला गाडी जवळच्या पेंटरकडे न्या. तासाभराचं काम आहे, पैसेही फार लागत नाहीत, आणि निम्मं काम तुम्ही केलेलं बघून तो खूश होतो.

टू-के मारणार असाल तर २०००-३००० पर्यंत घासून आरसा करू नका. १००० किंवा १५०० वर थांबा. क्लिअरला धरायला खरखरीतपणा लागतो, बारीक ओरखडे तो स्वतः भरतो. पहिला हात अगदी उडता मारायचा, नुसता शिडकावा. तो सुकू द्यायचा, मग दोन भरलेले हात. पहिलाच हात ओला मारला तर क्लिअरमधला थिनर पॉलिकार्बोनेटला खातो, वर प्लास्टिकवाल्या दादांनी लिहिलंच आहे.

दुसरा मार्ग वन-के क्लिअरचा डबा, म्हणजे हार्डनर न मिसळता मारायचा तो. मारायला सोपा, टिकायला कमी, पेट्रोल सांडलं तर सुटतो. तिसरा पीपीएफ, म्हणजे रंगावर लावतात ती पारदर्शक जाड फिल्म. काच पूर्ण पॉलिश करून त्यावर लावायची. घरच्या माणसाला हाच सगळ्यात बरा वाटतो मला, कारण बारीक खडीचा मारही तीच खाते आणि खराब झाली की सोलून दुसरी लावता येते. मात्र पूर्ण पारदर्शक घ्या, काळपट-पिवळी फॅशनची नको.

चौथा तयार किटमधला पुसून लावायचा कोट. लावायला सोपा, पण दर काही महिन्यांनी परत लावायची तयारी ठेवा. नुसतं गाडीचं मेण लावून भागत नाही, ते पावसात निघून जातं.

वेंगुर्ला_एक्सप्रेस

पेंटबूथदादा, मग मी गणपतीच्या आधी काय करू? इथे दिवसभर पाऊस आहे. कपडे वाळत नाहीत, क्लिअर काय वाळणार.

पेंटबूथ_कोल्हापूर

आत्ता क्लिअर नको. हवेत इतका दमटपणा असताना मारला तर तो पांढुरका पडतो, दुधाची साय आल्यागत. सगळी मेहनत वाया आणि परत घासणं. बूथ (रंग मारायची बंद खोली) असलेला पेंटर गाठला तर गोष्ट वेगळी, तिथे हवा कोरडी करून मारतात.

अंगणातलं_गॅरेज

वेंगुर्ला, मी असं सुचवेन. आत्ता ३००० पर्यंत घासून, कंपाऊंडने पॉलिश करून घ्या आणि पीपीएफचे दोन तुकडे लावा. फिल्म लावायला पाणी आणि शाम्पूचा फवारा लागतोच, त्यामुळे बाहेर पाऊस असला तरी छपराखाली काम होतं. फिल्म मिळाली नाही तर पुसून लावायचा कोट तरी लावा. पावसाळ्यात ऊन कमी असतं, तेवढ्यावर दिवस निघतील. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की १००० चा हात मारून टू-के करून टाका.

फिल्म लावताना काचेचा फुगीर भाग आधी बसवा, मग कडांकडे पाणी दाबत न्या. कोपऱ्यात ती सुरकुतते, तिथे हेअर ड्रायरने किंचित कोमट करून ओढायची. काचेच्या कडेच्या थोडी आत कापा. अगदी कडेपर्यंत नेली की धुताना तिथूनच उचलते.

रात्रपाळी

टॅक्सी चालवतो, बहुतेक रात्रीचीच. मुंबई-पुणे, पुणे-कोल्हापूर. या विषयावर पोटतिडकीने लिहितोय कारण अंधारात समोरचा माणूस, बैल, बंद पडलेला ट्रक वेळेत दिसला तरच वाचतो.

काच स्वच्छ झाल्यावर दोन गोष्टी बघाच. एक, हेडलाइटचा कोन. सपाट जागी भिंतीपासून साधारण २५ फुटांवर गाडी लावा, टायरात हवा बरोबर ठेवा आणि लो बीम लावा. उजेडाची वरची कडा बल्बच्या उंचीपेक्षा थोडी खाली पडली पाहिजे आणि डाव्या बाजूला किंचित वर चढलेली असली पाहिजे, कारण आपण डावीकडून चालवतो आणि कडेची माणसं त्या उजेडात दिसतात. हेडलाइट काढून घासले असतील तर बसवताना कोन हमखास हलतो. धुरकट काचेतून चुकीचा कोन लक्षात येत नव्हता, स्वच्छ झाल्यावर तोच समोरच्याच्या डोळ्यात जातो.

दोन, गणपतीला मागे पाच माणसं आणि डिकी भरून सामान असतं. गाडी मागे बसते, नाक वर होतं. डॅशबोर्डवर ० ते ३ असं लिहिलेलं छोटं चाक असतं, बऱ्याच जणांना ते कशासाठी आहे हेच माहीत नसतं. वजन भरलं की ते २-३ वर न्या, उजेड खाली येतो. रिकामी झाली की परत ०.

आणि काच, बल्ब, कोन सगळं ठीक असूनही उजेड पिवळट-मेलेला वाटत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून बल्बच्या पिनवर व्होल्टेज मोजून घ्या, इंजिन चालू असताना. जुन्या गाड्यांत सगळा करंट स्विचमधून आणि बारीक वायरीतून फिरून येतो. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण ३० टक्के पडतो. रिले (स्विचच्या इशाऱ्याने बॅटरीचा करंट थेट दिव्याला जोडणारा) लावून बॅटरीपासून जाड वायर टाकली की फरक लगेच दिसतो.

प्लास्टिकवाला

रात्रपाळी, शंभर टक्के सहमत. यात भर घालतो: हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घुसवून उजेड वाढवायचा मोह होतो. रिफ्लेक्टरची रचना हॅलोजन बल्बमधल्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेली असते. एलईडीचा उजेड निघतो दुसऱ्या जागेवरून, मग तो वाट्टेल तिथे पसरतो. भिंतीवर जास्त दिसतो, रस्त्यावर लांब जात नाही.

वेंगुर्ला_एक्सप्रेस

काल छपराखाली बसून काम केलं. ४०० ने सुरुवात केली. ताईंनी लिहिलंय तसं ताकासारखं पाणी, मग पांढरं. खालच्या कडेला चकचकीत बेटं राहिली होती ती चिकाटीने काढली. बायको म्हणाली, आता या गाडीत मी बसत नाही, पार दुधी करून ठेवली. १५०० नंतर पाणी मारून दाखवलं तेव्हा गप्प झाली.

उथळ खड्डे सगळे गेले. ड्रायव्हर बाजूला तीन-चार खोल आहेत, ते सोडले. कुडाळहून फिल्म मागवली, ती आज लावली, एका कोपऱ्यात छोटी सुरकुती आहे. रात्री भिंतीवर बघितलं तर उजेडाची कडा चाकूने कापल्यासारखी सरळ. आधी ती कडाच दिसत नव्हती, नुसता पिवळा ढग होता. उजवा दिवा थोडा वर होता, मागचा स्क्रू फिरवून खाली घेतला.

रात्रपाळी यांनी सांगितलेलं चाक माझ्या गाडीत आहे! इतकी वर्षं ते डॅशबोर्डच्या दिव्यांचं आहे असं समजत होतो.

अंगणातलं_गॅरेज

वा! फार छान वाटलं वाचून. सुरकुती उन्हं पडल्यावर परत कोमट करून दाबा, बसेल. गाडी धुताना प्रेशरची नळी फिल्मच्या कडेवर थेट मारू नका. धूळ असेल तेव्हा आधी पाणी, मग फडकं. टोल नाक्यावर कुणी कोरडं फडकं मारायला आलं तर काचेला हात लावू देऊ नका.

नवीन_सदस्य_लातूर

सगळा धागा वाचून काढला, उपयोगी आहे. मागचे लाल दिवेही मळकट झालेत, त्यांनाही हाच उपाय का? अल्कोहोलने पुसून सुरुवात करू का?

प्लास्टिकवाला

थांबा, अल्कोहोल नको. मागचे दिवे बहुतेक गाड्यांत ॲक्रिलिक या वेगळ्या प्लास्टिकचे असतात. ॲक्रिलिक उन्हाला पॉलिकार्बोनेटपेक्षा कितीतरी चांगलं टिकतं, सहसा पिवळं पडत नाही, पण अल्कोहोलने त्याला तडे जाऊ शकतात. साबणपाण्याने धुवा, कोरडं करा आणि आधी नुसतं कंपाऊंड फिरवून बघा. ओरखडे राहिलेच तर २००० चा ओला पेपर हलक्या हाताने आणि परत कंपाऊंड. वरून क्लिअर मारायची गरज नाही.

नवीन_सदस्य_लातूर

बरं झालं विचारलं. रविवारी साबणपाणी आणि कंपाऊंडने करून बघतो, फोटो टाकतो.